दोन बोटं जास्त

ता. १२, गुरुवार

ती. दादास,

नमस्कार. तू बरा आहेस हे वहिनीकडून कळतं, तुझ्याकडून नाही. आम्हीही बरे आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण तोंड शाबूत आहे. रोज सकाळी विचारते, "दादाला फोन केलास का?" तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

वर्कशॉपचं सांगते. डोकं उठलंय माझं. पाणी दिलेल्या कडक पोलादाच्या ज्या प्लेटांवरून आपलं वाजलं, त्यांचा दुसरा लॉट आलाय. एका प्लेटीला बारा भोकं. ड्रिल टेकवला की मशीन असं थरथरतं की खिडकीत ठेवलेले नट घरंगळून खाली पडतात. सहाव्या भोकाला धार जाते, सातव्याला ड्रिलचा कोपरा उडतो, आठव्याला मी भडकते.

तू वर्कशॉप सोडून गेल्यावर, तू धार लावलेले ड्रिल बाजूला ठेवून बाजारातले तयार ड्रिल आणले. तेच. त्यांच्यापेक्षा भारी आणले. पुन्हा तेच. पोलादवाल्याशी भांडले, तर तो म्हणतो, "ताई, कडक माल तुम्हीच मागितला होतात." फिटरकाकांनी पायाचे बोल्ट आवळले, बेअरिंग बदललं, तेल बदललं. थरथर जशीच्या तशी. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे तर अंगणही सरळ निघालं!

परवा वहिनीचं पत्र आलं. तू घरचा ग्राइंडर कापड टाकून बंद केलास म्हणे. शेजारचा सुतार पटाशीला धार लावायला घेऊन आला, तर त्याला परत पाठवलंस. "माझा हात गेला. धाकटीला दिसलं, मला दिसत नव्हतं," असं म्हणालास.

दादा, तुला काय म्हणावं? अभ्यास कर म्हणाले, ऐकलं नाहीस. सिगरेट सोड म्हणाले, ऐकलं नाहीस. जन्मात माझं एक ऐकलंस, ते नेमकं हेच?

बरं. आता लिहिते. इतकी पानं फाडून झाली आहेत की आई म्हणाली, पत्र लिहितेस की पतंग करतेस.

तू ड्रिल चकच्या जबड्यात खोल बसवायचास, लागेल तेवढाच बाहेर. मी तो दोन बोटं जास्त बाहेर काढते. कारण चक खाली आला की भोकाची खूण त्याच्याआड जाते, आणि ती बघायला फार जवळ वाकावं लागतं. जवळचं मला वर्षभर धड दिसत नाही. चष्मा केलाय, ड्रॉवरमध्ये आहे. घातला नाही. सगळी माणसं "ताईची नजर" म्हणून माझ्याकडे मापं तपासायला आणतात, त्यांच्यासमोर कसा घालू?

आणि लांब काढलेला ड्रिल हलणारच. पेन्सिल मागच्या टोकाला धरून लिहिल्यासारखं ते. मऊ लोखंडात चालून जातं, कडक पोलादात धार टवका टवका करून उडते. हे मला तूच शिकवलं होतंस, पहिल्याच आठवड्यात.

माझ्या कधी लक्षात आलं, विचार. तू गेलास त्याच्या चौथ्या दिवशी. मी बाहेर गेले होते, तेव्हा फिटरकाकांनी तुझ्या धारेचा ड्रिल आखूड बसवून अख्खी प्लेट करून ठेवली होती. एक थरथर नाही. मी "छान" म्हणाले, त्यांना दुसऱ्या कामाला लावलं आणि ड्रिल पुन्हा बाहेर ओढला. वर लिहिलेली ती भांडणं, ते बेअरिंग, ते भारी ड्रिल, सगळं त्याच्यानंतरचं आहे. चार महिने. तुझी चूक होती हे ठरवायला मी धडधाकट मशीन उघडलं, दादा. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

काल चष्मा घातला. तू शेवटचा धार लावलेला ड्रिल स्टोअरमध्ये तेलकट कागदात होता, तो आखूड बसवला. सव्वीस भोकं झाली. फिटरकाकांनी भिंगाखाली धार पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि चहा प्यायला गेले. त्यांना पहिल्यापासून माहीत असणार.

"तुझ्या धारेत आता राम राहिला नाही," हे मी तुला सगळ्यांसमोर म्हणाले होते. म्हणून आज जेवणाच्या सुट्टीआधी सगळी मशीनं बंद करायला लावली आणि हे पत्र इथपर्यंत मोठ्याने वाचलं. चष्म्याचंसुद्धा. कोणीही हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

वर्कशॉपला येऊ नकोस हवं तर. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, तेही चालवून घेईन. पण हात गेला असं पुन्हा म्हणू नकोस. तो कुठेही गेलेला नाही.

चूक जिची होती, ती
तुझी धाकटी