उभं राहिल्याबद्दलचा खुलासा

ती. मामांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात नेमके कसे जोडायचे याबद्दल माझा सध्या गोंधळ आहे, चूकभूल पोटात घालावी.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. म्हणजे आई अकरा दिवस माझ्याशी बोलत नाही, बाकी ठीक.

मी धर्म बदलला, हे तुमच्या कानावर गेलंच असेल. मामा, शपथेवर सांगतो (कोणाच्या, ते विचारू नका), मी फक्त उभा राहिलो.

मला जन्म देणाऱ्या बाई गेल्या वर्षी सापडल्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांना काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही, म्हणून मी 'अहो' म्हणतो आणि त्या 'ओ' देतात. आता माझी नोकरी पाणीखात्यात. एका घराला दोन नळजोड सापडले की एक तोडायची नोटीस मी काढतो, एकोणीस वर्षं काढतोय. पण दोन घरांत एकच माणूस सापडला तर काय करायचं, याचा फॉर्म आमच्याकडे नाही. आपल्याकडे देवासमोर डोकं झाकून गप्प राहायचं, त्यांच्याकडे डोकं उघडं टाकून घसा फाटेस्तोवर गायचं. त्यांच्याबरोबर प्रार्थनेला गेलो त्या पहिल्या दिवशी मी टोपी घालून गायलो आणि दोन्हीकडून गेलो.

तर त्याच दिवशी त्यांच्या प्रार्थनेच्या सभागृहात सगळे लोखंडी खुर्च्यांवर बसले होते. देवाचं नाव निघालं आणि मी ताडकन उभा राहिलो. आईनं लहानपणापासून लावलेली सवय, पाय मला विचारत नाहीत. आता त्यांच्याकडे कोणी उभं राहिलं तर त्याचा अर्थ 'मला तुमच्यात घ्या' असा होतो. हे 'अहों'नी सांगितलं नव्हतं, कारण तिथे आजवर चुकून कोणी उभंच राहिलेलं नाही. सगळे वळून बघायला लागले. मला वाटलं, कौतुकानं बघतायत, म्हणून मी आणखी ताठ झालो. पुढच्या रांगेतल्या दातांच्या निवृत्त डॉक्टरांनी येऊन मिठी मारली, काहीतरी विचारलं, मी मान हलवली. एक वही पुढे आली, मी सही केली. (समोर येईल त्या कागदावर सही करणं हा आमच्या खात्याचा आजार आहे.) कोणीतरी फोटो काढला आणि तो संध्याकाळपर्यंत आमच्या शेजारच्या शिंपीणबाईंमार्फत आईपर्यंत पोचला.

मी म्हटलं, "अगं, चुकून झालं."

आई म्हणाली, "चुकून कोणी फोटोत बत्तीशी दाखवत नाही."

त्यानंतर एक शब्द नाही. माझे सगळे शर्ट मात्र इस्त्री करून ठेवले, आधी इस्त्री केलेलेसुद्धा. मामा, मला फार भीती वाटते.

'अहों'ना खरं सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "उभं राहायला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, आईनं. "चांगलं शिकवलंय. तिला सांग माझा निरोप." आता सांगू कसा? न बोलणाऱ्या माणसाला निरोप देण्याची सोय कुठल्याच धर्मात नाही.

तुमचा (अजूनही) भाचा

ता.क. खरं काम असं, की आई रविवारी तुमच्याकडे येतेय. ती स्वयंपाकघरात असताना हे पत्र मोठ्यानं वाचा. भांड्यांचा आवाज थांबला की ऐकतेय असं समजा.

ता.क. दुसरा. आई, त्यांची गाणी मला आवडली, खोटं कशाला बोलू. मी तिथे परतही जाईन. पण त्या दिवशी मी कोणाचा व्हायला उठलो नव्हतो. मी तुझा होतो म्हणून उठलो.

ता.क. शेवटचा. रोज संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर तू घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागतेस. मी दाराआडून ऐकतो. हल्ली माझ्या नावापाशी आलीस की तुझा आवाज इतका बारीक होतो की काही कळतच नाही. घेतेस ना?