आई गावाला गेलेलं पिल्लू

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर कटकन वाजली, तेव्हा नमस्कार पोचला असं समज.) तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला देवाच्या दयेने आटोक्यात असतील. इकडे मी बरा, बाबा तसेच.

तसेच म्हणजे, आई गेल्यापासून खिडकीजवळची खुर्ची सोडत नाहीत. चहा दिला की पितात, नाही दिला तर मागत नाहीत. आणि परवा एकाएकी म्हणाले, "एक कुत्रं आणूया का?" इतक्या दिवसांत त्यांनी तोंडाने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी देवाला हात जोडले आणि मोबाइलवर जाहिरात शोधली. (देव बरोबर होता, जाहिरात चुकली.)

जाहिरातवाला एका इमारतीच्या पार्किंगमध्ये भेटला. कोणती जात, कोणता रंग, सांगा, उद्या हजर. जणू आम्ही पडदे घ्यायला आलो होतो. पिशवीतून त्याने एक पिल्लू काढलं. बाबांनी विचारलं, "याची आई कुठंय?"

"गावाला गेलीय."

मी भाबडेपणाने विचारलं, परत कधी येईल? म्हणाला, तिचं नक्की नसतं. बाबा पिल्लाकडे बघत राहिले. "मग हे झोपतं कुणाच्या कुशीत?"

"आजपासून तुमच्या!"

बाबांनी काठी उचलली. मला वाटलं, हाणतात आता. पण ते नुसते बाहेर चालू लागले. (पिल्लू घेऊन पळावंसं मलाही वाटलं, पण त्याने त्याच पिशवीत दुसरं आणून घातलं असतं.)

मग जनावरांच्या डॉक्टरांनी एका निवृत्त नर्सबाईंचा पत्ता दिला. तिथे पिल्लांची आई स्वतः दारात हजर! तिने बाबांचे पाय हुंगले आणि त्यांच्या बुटावर हनुवटी टेकली. बाईंनी न विचारता आई-बापाच्या तपासण्यांचे कागद पुढे ठेवले. पण पिल्लं दोन महिन्यांनी, तीही नंबर लावून. मी म्हटलं, "त्याआधी एखादं जमवा ना." त्यांनी आमचा नंबर तिसऱ्यावरून पाचव्यावर नेला. मग प्रश्न सुरू. गावच्या शाळेत मास्तर पाढे विचारायचे तेव्हाही मला इतका घाम फुटला नव्हता. पावसात फिरवणार कोण? चपला फाडल्या तर काय कराल? शेवटी बाबांकडे वळल्या, "आजोबा, कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं. तुम्ही?"

बाबा म्हणाले, "प्रयत्न करतो."

आणि ताई, बाबा हसले गं. आईनंतर पहिल्यांदा.

बाई मात्र हसल्या नाहीत. आजोबांना झेपेनासं झालं तर? मी तर दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडणार. कुणालाच जमलं नाही तर कुत्रं कुठल्याही वयात त्यांच्याकडेच परत द्यायचं, हे त्यांनी कबूल करून घेतलं. पण त्याआधी घरचं आणखी एक माणूस त्यांना हवंच होतं. मी काहीतरी उत्तर दिलं. बाकी सगळं ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. : ते घरचं माणूस म्हणजे तू. बाई तुला फोन करतील. शेजाऱ्यांचं पिल्लू घरात आलं तेव्हा तू स्टुलावर चढून चहाही तिथेच मागवला होतास, हे मी सांगितलेलं नाही. खोटं बोल म्हणणार नाही, देव बघतो (आणि बाई त्याहून बारीक बघतात). भीती वाटते हे खुशाल सांग. फक्त 'सांभाळीन' हे आधी म्हण.

आणखी एक : बाबा आता रोज त्या कुत्रीला भेटायला चालत जातात. आत्ताही बूट घालून निघालेत. मी पायात चपला सरकवल्या, तर म्हणाले, "तू नको येऊस. तू तोंड उघडलंस की आपला नंबर मागे जातो."