पेनिएलीचा पाय

१४ जानेवारी

मोजे घालून गेला! मानेआपात — आमच्या बेटाच्या बैठकीच्या घरात — जिथे ऐंशी वर्षांचे म्हातारेसुद्धा चपला दाराशी काढून अनवाणी चटईवर बसतात, तिथे आमचे मंत्रिमहोदय पांढरे मोजे घालून मांडी ठोकून बसले. तोंडावर कुणी बोललं नाही, पण बघितलं सगळ्यांनी. लिआकी आत्याने मला बरोबर कोपऱ्यात गाठलं. "काय गं लोतो, तुझ्या नवऱ्याला थंडी वाजते का?" या उकाड्यात! मी म्हटलं, खडकावर पाय खरचटलाय.

घरी आल्यावर जबरदस्तीने मोजा काढला. अंगठ्याखाली जखम, शर्टाच्या बटणाएवढी. "दुखत नाही गं," म्हणतो. दुखत नाही हीच तर भीती! त्याच्या आईचंही आधी दुखायचं बंद झालं होतं. मग पाय गेला, मग ती गेली. साखर कुणाला सोडते?

१५ जानेवारी

ओढत दवाखान्यात नेला. डॉक्टर सामुएलु म्हणाले, "हे इथे होण्यातलं नाही. फिजीला जा, सुवाच्या मोठ्या हॉस्पिटलात. दोन महिने धरून चाला."

पेनिएली हसला. हसला! "डॉक्टर, संसदेत आम्ही आठ, ते सात. आमच्या आठातला एक कायम कुठल्यातरी परिषदेत, आमचा समुद्र चढतोय म्हणून जगाला सांगायला. उरलो सात. समोर सात. मी विमानात बसलो की सहा. संध्याकाळपर्यंत सरकार आडवं."

आणि हा आरोग्यमंत्री! परदेशी उपचाराला कुणाला पाठवायचं, त्या कागदांवर सही ह्याचीच असते. पन्नास जणांना धाडलं असेल ह्याने सुवाला. स्वतःचा कागद मात्र घडी करून खिशात.

२ मार्च

मोठी भरती. पाणी अंगणात जमिनीतूनच वर आलं, बुडबुडे फुटत. परदेशी पाहुणे बघायला आले होते आणि त्यांना हिंडवायला कोण? आमचा हा. त्याच पायाने, घोटाभर घाण पाण्यात, घरोघर. मी दारातून डोळे वटारले तर मला हात हलवून दाखवला!

३ मार्च

ताप. म्हणे उन्हाने आला.

१९ मे

आठ दिवस ह्याच्या मतदारसंघाच्या, दूरच्या बेटावर जाऊन आलो. बोटीत मला उलट्या, तिथे ह्याला मेजवान्या. म्हातारी मंडळी चटईवर बसून नुसती वाढत होती. नारळाच्या दुधातला पुलाका, म्हणजे आमचा अळूचा कंद, वर ताडीचा काकवीसारखा गोड पाक. मी हळूच ह्याचं पान मागे सरकवलं तर केलेसोमा बाबा गरजले, "अख्खं सरकार आमच्या पेनिएलीने धरून ठेवलंय! त्याला उपाशी ठेवतेस होय?" सगळे हसले. तोही हसला आणि तीनदा वाढून घेतलं.

नाही म्हटलं तर बेटाचा अपमान. हो म्हटलं तर पायाचं वाटोळं. मी बसले भात चिवडत.

३० जून

जखमेला वास यायला लागलाय. मी उदबत्ती लावते. का लावते, ते तो विचारत नाही.

२२ जुलै

आज चटया विणायला आम्ही बायका जमलो होतो. मेलाली माझ्या शेजारीच बसते. ती वायासोची बायको, आणि वायासो म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ आणि विरोधकांचा पुढारी! सात जण मोजून आठव्याची वाट बघत बसलाय. मेलालीने पान चिरता चिरता विचारलंच, "भाऊजींचा पाय कसा आहे?"

"ठणठणीत," मी म्हटलं. "काल व्हॉलीबॉल खेळले."

व्हॉलीबॉल! जिभेला हाड नाही माझ्या. पण तिथे बोललेलं तासाभरात बेटाच्या दोन्ही टोकांना पोचतं, ते माहीत असून खरं कसं सांगू? घरी येऊन रडले.

१ ऑक्टोबर

स्वातंत्र्यदिन. धावपट्टीवर संचलन, पोलीस, शाळेची मुलं, बँड. पेनिएली बूट घालून दोन तास उन्हात उभा. मी त्याच्या पायाखेरीज काहीही पाहिलं नाही. घरी बूट काढला तर आत रक्त.

माझा तोल गेला. "पाय तुझा आहे की सरकारचा?"

"सध्या तरी सरकारचा," म्हणाला. चेष्टेत नव्हे. मग म्हणाला, "लोतो, आत्ता आम्ही पडलो तर नवा दवाखाना पण पडला. दहा वर्षं मागतोय आपण तो. डिसेंबरात अंदाजपत्रक मंजूर होऊ दे, मग तू म्हणशील तिथे येतो."

दवाखाना हवाच आहे. मला काय कळत नाही? पण तोवर हा हवा ना!

३ ऑक्टोबर

डॉक्टर सामुएलु स्वतः घरी आले. त्याच्यासमोर काही बोलले नाहीत. फाटकापाशी मला म्हणाले, "वहिनी, डिसेंबर विसरा. बोटं गेलीच समजा. आणखी दोन महिने असेच काढलेत तर पायावरही थांबणार नाही."

फाटक धरून उभी राहिले. ते कधी गेले कळलं नाही.

९ नोव्हेंबर

आमचा एक मंत्री पुन्हा परिषदेला उडाला. वायासोने लगेच अविश्वासाचा ठराव टाकला. गुरुवारी मतदान. म्हणजे सात विरुद्ध सात, ठराव नापास — पेनिएली सभागृहात पोचला तर. खाटेवर पडल्या पडल्या मला बजावतोय, "आठ वाजता उठव. चालता नाही आलं तर उचलून न्या, पण न्या." त्याच्या माणसांना कुणालाही तापाचं कळू द्यायचं नाही, ही शपथ घातलीय मला.

देवा, काय करू? त्याचं ऐकलं तर तो जातो. नाही ऐकलं तर तो मला कधी क्षमा करायचा नाही.

११ नोव्हेंबर

ताप उतरत नाही. घोट्यापर्यंत काळं चढलंय.

दुपारी विणायला गेले. पट्टी दोनदा चुकले. मेलालीने नेहमीसारखं विचारलं. मी म्हटलं, "उद्या हा यायचा नाही. उठताच येत नाही त्याला."

सगळ्यांचे हात थांबले. मेलाली म्हणाली, "लोतो, कुणाशी बोलतेयस कळतंय ना?"

"कळतंय," मी म्हटलं.

ती उठून घरी गेली. चटई अर्धीच टाकून.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

उठवलं नाही. तो ग्लानीत होता, पण हलवलं असतं तर उठला असता, खोटं कशाला लिहू. पावणेनऊला त्याच्या कचेरीतून फोन. "मंत्री निघाले का?" मी म्हटलं, निघाले. फोन काढून ठेवला आणि रेडिओ अगदी बारीक लावला.

सहा विरुद्ध सात. सरकार पडलं.

अकराला त्याने डोळे उघडले. "किती वाजले?" मी सांगितलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

विमानात आहोत. आता ह्याला थांबायला कारणच उरलं नाही. स्ट्रेचरवर डोळे मिटून पडलाय. दोन दिवसांत एक शब्द बोललेला नाही. नको बोलू! जिवंत राहा आणि जन्मभर नको बोलू.

१७ नोव्हेंबर

सुवा. तीन बोटं काढली. पायाचं अजून सांगता येत नाही म्हणतात.

२४ नोव्हेंबर

पाय वाचला! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा आठवडे इथेच, पाय जमिनीला लावायचा नाही, म्हणजे राहील. ऐकून पेनिएली रडला. मग म्हणाला, "पेज आण, भूक लागलीय." बारा दिवसांनी माझ्याशी बोलला!

मला आनंद कुठे ठेवू कळेना. सगळ्यात आधी मेलालीला फोन लावला. घडाघडा सांगून टाकलं — पाय वाचला, ताप गेला, बसून जेवला!

२६ नोव्हेंबर

वायासोचा फोन, थेट ह्याच्या खाटेपाशी. परिषदेला गेलेला आमचा मंत्री परतलाय, तिकडे आता सात आणि सात, नवं सरकार कुणाचंच बनेना. "बरा झालास म्हणे! आमच्या बाजूला ये. आरोग्यखातं तुझ्याकडेच. दवाखानाही देतो. मंगळवारी मतदान."

पेनिएलीने हो म्हटलं. शनिवारच्या विमानाने निघतोय.