माईंच्या पाण्याच्या काड्या

अहो,

दवाखान्यात गॅस्ट्रोचे पेशंट वाढलेत, म्हणून लवकर निघाले. माझी ड्यूटी त्याच वॉर्डात, म्हणून मी माईंजवळ जायची नाही. त्यांचं पाणी उकळणं तुमच्याकडेच.

डबा अक्कांकडून येतो, चहा तुम्ही कोपऱ्यावर पिता. म्हणजे काडी लागते ती माईंच्या पाण्यालाच. परवा काडेपेटीत एकोणीस काड्या होत्या, आजही एकोणीसच. स्टोव्ह काय मंत्र म्हणून पेटवलात?

उकळलेलं पाणी त्यांना बेचव लागतं, ठाऊक आहे. पण शहात्तराव्या वर्षी एका दिवसाचे जुलाबही त्यांना झेपायचे नाहीत. संध्याकाळी मला जळक्या काड्या दिसल्या पाहिजेत.

माईंना साक्षीला आणू नका. काल दाराआडून आपणहून म्हणाल्या, "वसंता पाणी रोज उकळतोय की गं!"

मी विचारलंही नव्हतं.

नंदिनी