मित्लाची भिंत, नजरेच्या मापाने

४ मे
सासऱ्यांचे, डॉन एर्मिलोंचे, गुडघे गेले. मोठ्या मागावर आता उभं राहवत नाही. काल जेवताना जाहीर केलं: मित्लाच्या जुन्या राजवाड्याच्या भिंतीची नक्षी तीस जूनपर्यंत जो गालिच्यात दगडाबरहुकूम विणेल, त्याला तो माग. उमेदवार दोन, मी आणि मेव्हणा अबुंदिओ. म्हणजे एकच. वीस वर्षं लोकांच्या मागांवर विणतोय, आता पुरे. काकांचा माग मागून अंगणात आणला. हा शेवटचा उसना.

६ मे
मित्लाला जाऊन आलो. दगडी नक्षीतली प्रत्येक पायरी दुसरीएवढीच, दरजेत चुन्याचा कणही नाही. बायकोने, सेनाइदाने, खुणांची दोरी पुढे केली. म्हणाली, मोजून विण, विणलेलं मागाच्या रुळावर गुंडाळलं गेलं की दिसत नाही. मी म्हटलं, भिंत बांधणाऱ्यांकडे तुझी दोरी होती का? म्हणाली, होती म्हणून तर अजून उभी आहे. दोरी खुंटीला अडकवली. नजर आहे माझी.

१७ मे
हात बसला. अबुंदिओ डोकावला. म्हणे, दाजी, फणी फार जोरात ठोकताय, वीण दबतेय. जळतो मेला. तो गेल्यावर आणखी जोरात ठोकली.

२६ मे
चुलतभावाचं लग्न, तीन दिवस मेस्कलची दारू. आज विणलं. वीण जरा सैल वाटते, पण दगडही उन्हात फुगतो म्हणतात.

९ जून
रेडिओवर फुटबॉल. जातिवंत विणकराला अर्धं लक्ष पुरतं.

२५ जून
पाठ धरली. शेवटच्या तीन विती सेनाइदा विणतेय, दोरी लावून. तिला समजावलं, किरकोळ भागाला दोरी चालते. ती पुढची खूण मोजत होती.

३० जून, दुपारी
आधी अबुंदिओचा गालिचा. सरळ, पण रंगांमधल्या दरजा दिसत होत्या. मग माझा उलगडला. मला वाटलं, अंगणच वरखाली आहे. डॉन एर्मिलो काठी टेकत कडेकडेने वाचत गेले. पायऱ्या चपट्या, इथे जावईबापू कुणावर तरी चिडलेत. पायऱ्या लांबट, इथे प्यायलेत. इथे गोल झालाय, एक पायरीच राहिली. हसताना जमलेल्या लोकांच्या पेल्यांतलं गरम चॉकलेट सांडत होतं. शेवटच्या तीन वितींपाशी मात्र ते गुडघे मोडून खाली बसले. हात फिरवला. विचारलं, हे कुणी विणलं?
'मीच' म्हणायला तोंड उघडलं होतं. सेनाइदा माझ्याकडे बघत होती. लाज वाटली. मिटलं.

१ जुलै
माग आमच्याच अंगणात आला, सेनाइदाच्या नावाने. म्हणजे एका अर्थी मीच जिंकलो. तो उचलायला अबुंदिओने हात लावला, एकदाही टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं. सेनाइदा सकाळपासून मागावर उभी आहे. वीस वर्षांत तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन नक्षीबद्दल दोन सूचना केल्या. म्हणाली, लोकर संपत आलीय, पिंजायला बस.
बसलो. संध्याकाळी तिने टोपलीत हात घालून पाहिलं. म्हणाली, गाठी राहिल्यात, परत पिंज.