गोधडीचं पोट

सोमवार, ८ डिसेंबर
आले बाई एकदाची सांगवीत! लग्नानंतर सात महिने मी लातूरला आणि रविराज भोसरीच्या खोलीत चौघांच्या गर्दीत. वाट पाहून जीव विटला होता. आता इंदुताईंच्या घराचा वरचा मजला फक्त आमच्या दोघांचा. इंदुताई खाली एकट्याच राहतात, गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाहीत. वर भिंतीतलं पाच कप्प्यांचं कपाट आहे, त्यात त्यांच्याच घरच्या चादरी आणि पांघरुणं कशीही कोंबलेली. नीट लाव आणि लागेल ते वापर, म्हणाल्या. मला तेच हवं होतं. लग्नाआधी चार वर्षं साड्यांच्या दुकानात मी घड्याच घालत होते. रविराजची सध्या थर्ड शिफ्ट, चाकणहून कंपनीची बस साडेसातला सोडते, त्यामुळे आमच्याकडे सकाळी आठला रात्र होते. त्याला म्हटलं, तू झोप, मी कपाटाशी संसार करते.

मंगळवार, ९ डिसेंबर
कपाट लागलं. वर पाहुण्यांच्या चादरी, मग रोजच्या, मग जोडीजोडीनं अभ्रे, मग टॉवेल. तळाशी एकच गोधडी, इंदुताईंच्या सासूबाईंनी शिवलेली. हिरवं इरकल, धोतराचं पांढरं, शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा, एक खाकी. कोपऱ्यात काहीतरी टणक लागलं म्हणून उसवलं, तर हळद लावलेला भाकरीचा वाळका तुकडा! मुंग्यांना आमंत्रणच की. घंटागाडीत टाकला. गोधडीला दिवसभर ऊन दाखवलं, टीप नंतर घालीन.

गुरुवार, ११ डिसेंबर
रविराज गोधडीवर खूश आहे. म्हणतो, अंगावर घेतली की शिफ्टचा सगळा शीण ओढून घेते. चारपर्यंत ढाराढूर झोपला. उठल्यावर डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मी खूप चिडवलं. उसवलेला कोपरा शिवायला घेतला, पण सुई आत गेली ती पलीकडून निघालीच नाही. आत चाचपडले, सापडली नाही. दुसरी आणायला हवी.

रविवार, १४ डिसेंबर
आज फिरायला जायचं ठरलं होतं. तो संध्याकाळी सहाला उठला. पायाला आता मुंग्याही नाहीत, काहीच नाही म्हणाला. मी जोरात चिमटा काढला, त्याला कळला नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. मला भीती वाटतेय. शिवाय गोधडीची घडी कप्प्यात मावेना. मी कप्पा मापून लावला होता.

मंगळवार, १६ डिसेंबर
इंदुताईंना सगळं सांगितलं. त्यांच्या सासूबाई गोधडी शिवताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवायच्या, म्हणजे गोधडीचं पोट भरायचं आणि मगच तोंड शिवायचं. उपाशी गोधडी माणसाच्या अंगावर घालायची नाही. मी तो तुकडा टाकल्याचं सांगितलं तशी त्यांनी माझं मनगट धरलं.
“मग त्याच्या जागी काय घातलंस?”
मी म्हटलं, काहीच नाही.
“वर जा पोरी. नवऱ्यावरनं काढ ती आधी.”
धावत वर आले. ओढली, पण त्यानं आतून घट्ट धरली होती. पाच मिनिटं, म्हणाला. आज कामावर गेला नाही.

बुधवार, १७ डिसेंबर
भाकरी थापली. तुकड्याला हळद लावून कोपऱ्यात ठेवला, वर हात जोडले. दुपारी पाहिलं तर तुकडा उशीवर होता, जसाच्या तसा. रविराज अजून परवाच्या कंपनीच्या शर्टावरच झोपलाय. हाक मारली की हं म्हणतो. गोधडीखाली हात घालून त्याचा गुडघा शोधला. सापडला नाही. हात बाहेर काढला तर बोटं बधिर. आणि भीतीही कालच्याएवढी वाटली नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर
कंपनीतून फोन आला. झोपलाय म्हटलं.
गोधडी पलंगावर सपाट होती. उचलली. खाली चादर, एक सुरकुती नाही.
एक ठिगळ जास्त आहे. करडं, त्याच्या शर्टाचं, खिशासकट. टाके बारीक, एकसारखे. ओरडायला हवं होतं.
मी घडी घातली. चौपदरी.

शुक्रवार, १९
इंदुताईंनी खालून विचारलं. सेकंड शिफ्टला गेलाय म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.
ठिगळावर गाल ठेवला — गरम आहे. हलतं, सावकाश — झोपलेल्या माणसासारखं.
उजवा हात कोपरापर्यंत गेलाय. डाव्यानं लिहितेय. रडू यावं म्हणून लग्नाचे फोटो पाहिले. आलं नाही.

शनिवार
कोपरा अजून उघडा. शिवला तर तो आत — नाही शिवला तर —
थंडी वाजते. सगळ्या चादरी घेतल्या. जोडीजोडीनं. ऊब नाही.
सात महिने वाट पाहिली होती मी.

रविवार
अंगावर घेतली. त्याचा खिसा गळ्याशी येतो.
बरं वाटतं — पाय नाहीत, पण बरं —
त्याच्या शेजारी जागा आहे. माझ्या गाउनची फुलं तिथं — उभी येतील की आड —