पेपीचा विमा

प्रिय व्रोनी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे, असं समजू नकोस. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस. कागदावर तुला ते जमणार नाही, म्हणून लिहिते आहे. खाली बस आणि शेवटपर्यंत वाच. ग्राझच्या तुझ्या त्या खोलीत खुर्ची नसली तर जमिनीवर बस. तुम्हा मंडळींना त्याची सवय आहेच, भर रस्त्यात बसलेली मी पाहिली आहेत.

आधी घरची बातमी. शानी गेला. मेला नाही, दचकू नकोस. बुर्गेनलांडच्या एका द्राक्षमळेवाल्याने त्याला विकत नेलं. पाहुण्यांना गाडीत बसवून मळ्यातून फिरवतो म्हणे. त्याने शानीचे दात पाहिले, पाय उचलून खूर पाहिले आणि मग पेपीकडे बोट करून विचारलं, "आणि हा?" मी म्हटलं, "दोघं जोडीनेच चालतात, इतकी वर्षं जोडीनेच चाललेत." तर म्हणाला, "बाई, मला घोडा हवाय, घोड्याचा म्हातारा भाऊ नकोय." शानी मुकाट्याने त्याच्या गाडीत चढला, मागे वळूनही पाहिलं नाही. घोड्यांचंही माणसांसारखंच असतं. पेपी मात्र अजून तबेल्यातल्या शानीच्या रिकाम्या खणाकडे तोंड करून उभा राहतो. त्याचा मागचा डावा पाय सुजलेलाच असतो, आणि ओट भिजवून दिल्याशिवाय आता त्याला चाववत नाही.

तुला वाटेल, बरं झालं, एक तरी सुटला. वाटू दे. पण तो का विकावा लागला हे तुला कुणी सांगितलेलं नाही. आपल्या गाडीवान पोल्डीने माझ्याकडून वचन घेतलं होतं की व्रोनीला सांगायचं नाही. ते वचन मी आज मोडणार आहे.

बाबा गेले तेव्हा बग्गीचा परवाना त्यांच्या नावावर होता, हे तुला आठवत असेल. किंवा नसेल, कारण त्या वेळी तुझं लक्ष दुसरीकडे होतं. शवपेटी त्यांच्याच गाडीतून, त्यांच्याच जोडीने नेली. पोल्डी हाकत होता, डोक्यावरची काळी गोल टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मी मागच्या बग्गीत बसले आणि तुझ्यासाठी शेजारी जागा ठेवली. तू म्हणालीस, "मी घोड्यांच्या गाडीत बसत नाही," आणि झिमरिंगच्या दफनभूमीपर्यंत पायी आलीस. येल्काकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "पोरीचं बापावर किती प्रेम, चालत आली!" मी हो म्हटलं. रिकाम्या जागेवर बाबांचा कोट ठेवला होता, तो सरळ करत बसले.

परवाना बायकोच्या नावावर होऊ शकतो, पण बायकोला परीक्षा द्यावी लागते. मी आयुष्यभर त्या बैठकीवर बसले आहे, तुला पोटात घेऊनसुद्धा बसले आहे. तरी परीक्षा. महापालिकेत एक तरुण साहेब आणि एक पशुवैद्य बाई समोर होत्या. खूर, साज, चारा, रस्त्याचे नियम सगळं झालं. मग साहेबांनी विचारलं, "समजा एखादी प्रवासी म्हणाली, तुमचा घोडा थकलेला दिसतो, तर तुम्ही काय उत्तर द्याल?" मी म्हटलं, "तुझं तोंडसुद्धा थकलेलं दिसतंय, पण मी तुला घरी पाठवते आहे का?" पशुवैद्य बाई हसल्या. साहेब म्हणाले, "हे उत्तर मी लिहून घेऊ का, नावराटिलबाई?" मी म्हटलं, "घ्या." नापास झाले. दुसऱ्या खेपेला तोच प्रश्न आला. मी ओठ ताणून सांगितलं, "त्यांचं म्हणणं हसतमुखाने ऐकून घेईन आणि घोड्याला पाणी दाखवीन." पास! त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं ते तूच ओळख.

परवाना म्हटला, की विमा आलाच. आमच्या धंद्यात ही साखळी आहे. तिऱ्हाइताला इजा झाली तर भरपाई देणारा विमा असला तरच परवाना, आणि परवाना असला तरच कॅथेड्रलसमोरच्या अड्ड्यावर उभं राहता येतं. विम्याचे पोकोर्नीसाहेब बाबांच्या वेळचेच. दर वर्षी आपल्या स्वयंपाकघरात बसून खसखशीचा केक खायचे, तबेल्यात जाऊन दोन्ही घोड्यांच्या मानेवर थोपटायचे आणि म्हणायचे, "या दोघांना विम्याची गरज नाही, बाई, पण मला नोकरीची आहे." तुला लहानपणी त्यांनी त्यांचं फाउंटन पेन दिलं होतं, ते तू बादलीत बुडवलंस.

आता अपघाताच्या दिवसाकडे येते. पेपरात तू सांगितलंस की उन्हाने वेडा होऊन घोडा उधळला. व्रोनी, त्या दिवशी मी स्वेटर घातला होता. पारा पस्तिशीला पोचला की आम्ही घोडे घरी नेतो, कायदाच आहे. त्या दिवशी ढग होते आणि पोल्डी सर्दीने शिंकत होता. मी अड्ड्यावर मागच्या बाजूला गिऱ्हाइकांशी बोलत होते. पोल्डी एका वयस्क जोडप्याला घेऊन नुकताच निघाला होता. बग्ग्या बंद करा म्हणणारा तुमचा घोळका पलीकडच्या कोपऱ्यावर होता. फलक, ढोल, शिट्ट्या. पेपी ढोलाला घाबरला नाही. शिट्ट्यांना घाबरला नाही. तो का घाबरेल? त्याला झिमरिंगच्या ट्रामच्या रुळांशेजारी उभं करून, एकेक गाजर भरवून, ट्राम म्हणजे काही नाही हे तूच शिकवलं होतंस. शाळेतून आलीस की दप्तर फेकून तिथेच जायचीस. वाल्डफिअर्टलच्या त्या शेतकऱ्याकडून बाबा दुसराच घोडा घेणार होते. तू या पेपीच्या गळ्यात पडून रडलीस, म्हणून हा आला.

आणि मग तू ओरडलीस. बाकीच्यांच्या आवाजात तुझा आवाज मिसळला असेल असं तुला वाटतं. मी आई आहे, मला वेगळा ऐकू आला. त्यालाही आला. आधी त्याचे कान वळले, मग मान, मग तो आख्खा वळला. उधळला नाही, व्रोनी. तो तुझ्याकडे निघाला. शानीला ओढत, गाडी ओढत, रस्त्याच्या कडेचा दगडी उंचवटा ओलांडून, ज्या पोरीने त्याला लहानाचा मोठा केला तिच्याकडे. चाक उंचवट्यावर चढलं, गाडी तिरकी झाली आणि पोल्डी बैठकीवरून खाली गेला. ते जोडपं आतच राहिलं, खरचटलं फक्त. पोल्डीचं कमरेचं हाड मोडलं. तू तोंडावर हात ठेवून उभी होतीस. मग तुझ्या मित्राने तुला ओढून नेलं. पेपी तू गेलीस त्या दिशेला बघत उभा होता.

पोकोर्नीसाहेब दुसऱ्याच दिवशी आले. केक ठेवला होता, खाल्ला नाही. म्हणाले, "बाई, ती माणसं कोण होती हे कळलं तर कंपनी भरपाई त्यांच्याकडून वसूल करेल. तुमच्यावर ठपका येणार नाही, विमा चालू राहील. कुणाला ओळखलंत?" मी म्हटलं, "कुणालाच नाही." ते इस्पितळात पोल्डीकडे गेले. पोल्डीने पडल्या पडल्या सांगितलं, "माझाच हात चुकला साहेब, उजवा लगाम ओढला गेला." ज्या माणसाचा हात आयुष्यात कधी चुकला नाही त्याने सही करून लिहून दिलं की चुकला. त्याच कागदावर त्याचा गाडी हाकण्याचा परवाना गेला. मी त्याला म्हटलं, "पोल्डी, हे काय केलंस?" तर म्हणाला, "हेर्मी, पोर शिकतेय. तिच्या नावावर पोलीस-कोर्ट कशाला? मी म्हातारा आहे, मला तसंही उतरायचंच होतं." एवढं बोलून त्याला हसू आलं आणि हसताना दुखलं म्हणून तो रडला. त्याच वेळी त्याने वचन घेतलं.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण तू मुलाखत दिलीस. फोटोसह, नावासह. बग्गीवाल्याची मुलगी व्रोनी नावराटिल सांगते, माझ्या आईबापांनी जनावरांच्या जिवावर घर चालवलं. फोटो सुंदर आला आहे, त्यात तू माझ्यासारखी दिसतेस. पोकोर्नीसाहेब तो पेपर घेऊन आले, टेबलावर उलगडला आणि म्हणाले, "ही त्या घोळक्यात होती, असं स्वतःच सांगते. तुम्ही म्हणालात, कुणालाच ओळखलं नाही." मी म्हटलं, "अजूनही तेच म्हणते." त्यांनी पेपरची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "नावराटिलबाई, मला हे असंच वर कळवावं लागेल." त्यांनी कळवलं. खोटी माहिती दिली म्हणून कंपनीने विमा रद्द केला. दुसऱ्या कंपन्यांकडे गेले. सगळीकडे आधी विचारतात, मागच्यांनी का सोडलं? कारण सांगितलं की खुर्चीवरून उठतात आणि हात पुढे करतात. एका पोरसवदा बाईने मला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाली, "मी तुमच्या मुलीची मुलाखत वाचली, खूप धीट आहे हो ती." मी म्हटलं, "हो, आईवर गेली आहे."

विमा गेला, म्हणून परवाना गेला, म्हणून अड्ड्यावरची जागा गेली. तिथे आता दुसऱ्याची जोडी उभी असते, तेव्हा तुझ्या फलकाला काम राहिलं आहे, काळजी नको. बग्गी एका हॉटेलवाल्याने घेतली. तिच्यात फुलांच्या कुंड्या ठेवणार आहे.

पोल्डी अजून बाडेनच्या आरोग्यकेंद्रात आहे. चालायच्या चौकटीला धरून भिंतीपर्यंत जातो आणि परत येतो. मी गेले की पहिला प्रश्न, "व्रोनी काय म्हणते?" मी सांगते, "तुझी विचारपूस करते." हे तुझ्या वतीने मी प्रत्येक वेळी बोलते. तुला एकदाही जावंसं वाटलं नाही, कारण तुझ्या मते तो घोड्याचा शत्रू आहे आणि पडला तो आपल्या कर्माने.

मी तुझ्यावर अन्याय करते आहे असं वाटत असेल, तर पुढचं ऐक. मुलाखतीत तू म्हणाली होतीस की थकलेल्या घोड्यांसाठी तुमच्या लोकांचा आश्रम आहे, मालकांनी फक्त मन मोठं करावं. मी मन मोठं केलं. फोन केला. नाव सांगितलं नाही. फोनवर एक गोड मुलगी होती. म्हणाली, "वय काय? पाय कसा आहे? अरेरे." मग म्हणाली, "आमच्याकडे आता अजिबात जागा नाही हो, वसंतात बघू. तोवर तुम्हीच ठेवा ना, तुमचं तर प्रेम असेल त्याच्यावर." मी विचारलं, "आणि मला तोवर ठेवता नाही आलं तर?" ती म्हणाली, "तर मग तुम्ही त्याला घ्यायलाच नको होतं." मी फोन ठेवला. अगदी खरं बोलली. मी घेतलंच नव्हतं, तूच हट्ट केलास.

तर आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तबेला मी महिनाअखेर सोडते आहे आणि होलाब्रुनला मावशीकडे राहायला जाते आहे. तिच्याकडे दोन खोल्या आणि एक मांजर आहे, तिथे घोडा मावत नाही. पेपी मी तुझ्या नावावर केला आहे. सगळं रीतसर झालं आहे, जनावर सज्ञान मुलीला बक्षीस देता येतं. पोकोर्नीसाहेबांनाही विचारलं. माझ्या नावावर ज्याला कोणी विमा देईना, तोच घोडा काम न करणारा, खाजगी, आणि जिचं नाव कुठेच खराब झालेलं नाही अशा मालकिणीचा, म्हणून त्याचा विमा तुझ्या नावावर एका फोनमध्ये मंजूर झाला. तुझी सही तेवढी राहिली आहे. फावोरिटनचा घोड्याच्या मांसाचा दुकानदार येलिनेक सोमवारी सकाळी गाडी घेऊन तबेल्यावर येईल. चांगला माणूस आहे, घोड्यांशी हळू बोलतो. पण मालकाने समोर उभं राहून सही केल्याशिवाय तो जनावर गाडीत चढवत नाही. तेव्हा ये, आणि सही कर. किंवा ये, आणि पेपीला घेऊन तुझ्या खोलीत जा. त्यातलं काय करायचं ते मी सांगणार नाही, मला आता सांगण्याचा हक्क नाही. मी तिथे नसेन. येलिनेकने विचारलं, मालकाचं नाव काय लिहू? मी एकेक अक्षर सांगितलं, त्याने नीट लिहून घेतलं.

दुसऱ्या कुणाची होणं जमलं नाही म्हणून तुझीच,

आई